आधी तुमचं बोट पुढे करा

प्रश्न थोडक्यात असा: "बायकोला २८वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. २५व्या आठवड्यात ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासलं तर शुगर १६८ आली. दोन आठवडे पथ्य केलं. जेवणानंतरचे आकडे आता बरे आहेत, पण सकाळी उपाशीपोटी ९९ ते १०६ येते. डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन सांगितलंय. ती बारीक आहे, माहेरी कुणाला शुगर नाही. मी तिच्या खाण्यावर लक्ष ठेवतो, पण त्यावरून रोज वाद होतो, ती रडते. आई म्हणते, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी चाकणला कंपनीत आहे, तीन शिफ्ट. रात्री झोप लागत नाही, मोबाईलवर वाचत बसतो. मी नेमकं काय करू?"

तुमच्या बऱ्याचशा शंकांना वैद्यकीय उत्तरं आहेत, ती पुढे देतेच. पण रोजच्या वादाचं मूळ त्यात नाही. ते 'मी तिच्या खाण्यावर लक्ष ठेवतो' या तुमच्या एका वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि गेली १९ वर्षं मधुमेहाच्या ओपीडीत शिकवण्याचं काम करते. गोळी कोणती, इन्सुलिन किती युनिट, हे डॉक्टर ठरवतात. त्यानंतरचा सगळा संसार माझ्या टेबलावर येतो: सुई कुठे टोचायची, पोहे किती खायचे, सासूबाईंना कसं सांगायचं. गरोदर बाई समोरच्या खुर्चीत बसते आणि नवरा फाईल छातीशी धरून मागे उभा राहतो. मी तिला विचारते, "काल संध्याकाळी काय खाल्लंत?" आणि उत्तर मागून येतं, "मॅडम, हिला सांगा जरा, काल दोन पेढे खाल्ले हिने." शाळेत मॉनिटर फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहायचा ना, तसं. तिची मान खाली जाते आणि मला तिथेच कळतं की पुढच्या वेळी वहीत खरे आकडे येणार नाहीत.

वहीत सलग पंधरा दिवस ११०, ११२, ११५ असे सुबक आकडे आणि मीटरच्या मेमरीत मात्र १५८, १६४, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. ती बाई खोटारडी नसते. आकडा सांगितल्यावर घरात जे तोंड वाकडं होतं, ते तिला टाळायचं असतं. पण डॉक्टर डोस ठरवतात तो वही बघून. म्हणजे तुमच्या पहाऱ्यामुळे उपचारच चुकू शकतो.

म्हणून मी एक रीत ठेवली आहे. ग्लुकोमीटर शिकवताना पहिली सुई नवऱ्याला. "आधी तुमचं बोट पुढे करा." आधी हसतात, मग हात मागे घेतात. चांगले उंचनिंच गडी डोळे मिटून घेतात. टोचून झालं की मी म्हणते, हे तिला दिवसातून चारदा करायचंय, पुढचे तीन महिने. त्यानंतर आवाज आपोआप खाली येतो. एकदा तर असाच एक तिशीतला धडधाकट माणूस होता, जेवून अडीच तास झाले होते, मीटरवर आली २३८. बायकोची त्या वेळी होती १३१. बायकोची फाईल घेऊन आला होता, जाताना स्वतःचीही घेऊन गेला. तुम्हीही एकदा तपासून घ्या. तीन शिफ्ट, कँटीनचं जेवण आणि अर्धवट झोप असेल तर तुम्ही काही मोकळे नाही.

मीटरचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी. घरच्या मीटरला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वर १५ टक्के इकडे-तिकडे चालतात. खरी शुगर १२० असेल तर मीटरवर १०२ येऊ शकते, १३८ही येऊ शकते. त्यामुळे एका आकड्यावरून घर डोक्यावर घ्यायचं नाही, आठवडाभराचा कल बघायचा. दुसरं म्हणजे हात. एका रात्री साडेदहाला एका नवऱ्याचा फोन आला, "२१२ आलीय, ॲडमिट करू का?" मी विचारलं, हात धुतले होते का? नव्हते. तपासण्याआधी पाच मिनिटं तिने घरातल्यांसाठी आंबे चिरले होते. साबणाने हात धुऊन, नीट पुसून दुसऱ्या बोटावर तपासायला सांगितलं. ११८. मधल्या वेळात त्या बाईला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते मी विचारलं नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात, म्हणून १६८ ला निदान झालं. ही तपासणी उपाशीपोटी करावी लागत नाही. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांनी ती आपल्याकडे रुजवली आणि सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येही तीच आहे. दोन एसट्या बदलून तपासणीला येणाऱ्या गरोदर बाईला उपाशी बोलावणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्यालाच असं सुचतं. काही रुग्णालयं उपाशीपोटी तीनदा रक्त घेऊन तपासतात, तिथल्या मर्यादा वेगळ्या असतात. शेजारणीच्या रिपोर्टशी तुलना करू नका.

निदानानंतर रोजचं लक्ष्य साधारण असं: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवल्यावर एक तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत. एक तासाची बघायची की दोन तासांची, हे तुमचे डॉक्टर सांगतील ते धरा, मात्र रोज तेच धरा.

जेवणानंतरची बरी आणि उपाशीपोटीची जास्त, हे तुमच्या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं चित्र आहे आणि त्याचा अर्थ तुम्ही उलटा लावताय असं मला वाटतं. जेवणानंतरची शुगर ताटावर अवलंबून असते. सकाळची उपाशीपोटीची मात्र मुख्यतः रात्रभर यकृत रक्तात किती साखर सोडतं त्यावर ठरते. वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, अशी संप्रेरकं तयार करते की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. हे निसर्गानेच केलंय, बाळाला साखर कमी पडू नये म्हणून. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून हे निभावून नेतं, काहींचं पुरं पडत नाही. मग रात्री यकृताला लगाम घालणारं इन्सुलिन तोकडं पडतं आणि सकाळी १०४ दिसते. तुमच्या बायकोने पथ्य पाळलं म्हणूनच जेवणानंतरचे आकडे बरे आलेत. सकाळच्या १०४ साठी 'रात्री गुपचूप काय खाल्लंस?' असं विचारलं असेल, तर ते आधी निस्तरा.

'ती बारीक आहे' याबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतः इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान, सरासरी २.७ किलोच्या आसपास, तिकडे साडेतीन. पण त्या लहानशा शरीरात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. म्हणजे वजनकाट्यावर बारीक आणि आतून तसं नाही. आपल्याकडे चवळीच्या शेंगेसारख्या मुलीला शुगर निघते त्याचं मला तरी नवल वाटत नाही. माहेरी कुणाला नाही, यालाही फार अर्थ नसतो. माहेरी कुणी तपासलंय का, हे विचारून बघा.

आता इन्सुलिन. बायका या शब्दाला रडतात, कारण त्यांच्या कानावर 'एकदा लागलं की कायमचं' हेच पडलेलं असतं. गरोदरपणातलं इन्सुलिन बहुतेकींचं बाळंतपणानंतर बंद होतं, वार बाहेर पडली की गरजच एकदम उतरते. दुसरी भीती बाळाची. ग्लुकोज वारेतून बाळाकडे जातं, टोचलेलं इन्सुलिन तसं जात नाही. उलट आईची साखर जास्त राहिली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, त्याने बाळाच्या अंगावर चरबी चढते, खांदे रुंदावतात, प्रसूती अवघड होते. पोटावर टोचलं तर बाळाला सुई लागेल का, हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, बहुतेकदा बाहेर जाताना, दारात थबकून. ४ मिलिमीटरची सुई कातडीखालच्या चरबीपर्यंतच जाते. तरी तिला पोट नको वाटत असेल तर मांडी चालते का ते विचारा. काही जणींना गोळीवरही भागतं. तुमच्या डॉक्टरांनी इन्सुलिन का निवडलं, हे त्यांना सरळ विचारा, त्यात संकोच काही नाही.

इन्सुलिनचं सामान हे तुमचं काम, आणि ते अंगावर घ्या. इन्सुलिन बाटलीतलं असेल तर ती बहुधा ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिटची असते आणि तिला लाल टोपीची ४० चीच सिरिंज लागते. पेनमधलं १०० चं असतं. घाईत मेडिकलवाल्याने १०० ची सिरिंज दिली आणि ४० च्या बाटलीतून तिने '१०' च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात १० ऐवजी ४ युनिट जातात. शुगर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, पुन्हा वाढवतात, आणि एक दिवस कुणीतरी बरोबर सिरिंज आणतं. त्या रात्री काय होतं ते मी पाहिलंय. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने, तर १० च्या जागी २५ जातात. तेव्हा बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा तुम्ही स्वतः वाचायचा, दर खरेदीला. इन्सुलिन दुधाळ असेल तर टोचण्याआधी तळहातांमध्ये हलकेच फिरवायचं, औषधाच्या बाटलीसारखं जोरजोरात हलवायचं नाही. न उघडलेलं फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ कधीच नाही. चालू असलेलं साधारण चार आठवडे बाहेर राहतं, पण ३० अंशांच्या आतच. उन्हाळा आणि लोडशेडिंग असं दोन्ही असेल तर घट्ट झाकणाचा छोटा डबा माठात सोडायचा. आमच्याकडे मराठवाड्यातून येणाऱ्या बायका मे महिन्यात असंच करतात.

रात्रीचं इन्सुलिन म्हटलं की पहाटे दोन-तीनला शुगर उतरण्याची शक्यता धरून चालायचं. थरथर, दरदरून घाम, एकदम भूक, चिडचिड, गोंधळ. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायला उसंत नसेल आणि लक्षणं दिसत असतील, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून लगेच, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, सावरल्यावर थोडं काही खायला. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय. आणि इथे तुमच्या शिफ्टचा प्रश्न येतो. तुम्ही नाईटला असाल त्या आठवड्यात घरात हे कोण करणार? तुमच्या आई. मग त्यांना हे तुम्हीच शिकवायचं, एकदा करून दाखवून, आणि साखरेची डबी व चमचा उशाशी ठेवूनच घराबाहेर पडायचं.

थोडक्यात इथवर असं झालं: आकडा ऐकून तोंड वाकडं करायचं नाही, सकाळची शुगर तिचा गुन्हा नाही, आणि सामान, सिरिंज, साखरेची डबी हे खातं तुमचं.

खाण्याबद्दल मी तुम्हाला तक्ता देणार नाही. तुमच्या आहारतज्ज्ञांनी दिला असेल, आणि तिचं वजन, सवयी, उलट्या-जळजळ हे बघितल्याशिवाय दुसरा देण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट सगळ्या घरांत सारखीच चुकते. तिच्यासाठी 'शुगरचं' जेवण वेगळं होतं आणि बाकीचे नेहमीचं जेवतात. समोर नवरा साबुदाण्याची खिचडी चेपतोय आणि तिच्या ताटात काकडीच्या चकत्या. आठव्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन घास खाते आणि तुम्ही तिला पकडता. तेव्हा ताट एकच ठेवा. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक, शेवटी छोटी वाटी वरण-भात. हे सगळ्यांनी खाल्लं तर कुणाचं काही बिघडत नाही. उसळ-भाजी आधी आणि भात शेवटी, हा क्रमही उपयोगी पडतो, भाताची साखर रक्तात सावकाश उतरते.

सकाळचा नाश्ता सगळ्यात नाजूक. पहाटेच्या संप्रेरकांमुळे त्या वेळी शरीर इन्सुलिनला जुमानत नाही. दुपारी तीच बाई एक भाकरी आणि भात खाऊन ११५ वर असते आणि सकाळी बशीभर कांदेपोहे व चहा-बिस्किटांवर १६० ला जाते. अर्धे पोहे, त्यात मूठभर मोडाची मटकी आणि शेंगदाणे, किंवा मुगाचं धिरडं, किंवा दोन अंडी आणि लहान भाकरी. करून बघा, मीटर सांगेल. गूळ म्हणजे साखरच, मध म्हणजे साखरच. नाचणीची भाकरी वेगळी आणि नाचणीसत्वाची पातळ गोड खीर वेगळी. फळ चावून खायचं, रस काढून नाही. उपाशी ठेवून शुगर उतरवायचा प्रयत्न मात्र कधीच नको, त्याने रक्तात कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी द्रव्यं, वाढतात आणि ती बाळाला बरी नव्हेत. संकष्टी-एकादशी या वर्षी तुम्ही करा, तिला सोडून द्या.

जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चालणं, डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली नसेल तर. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात. तुम्ही बरोबर चाला, आणि त्या वेळात शुगर हा शब्द काढू नका.

तुमच्या आईंचं वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी तपासतच नव्हते. साडेचार किलोचं बाळ झालं की 'चांगलं गुटगुटीत आहे' म्हणून कौतुक व्हायचं, आणि पोटात गेलं तर देवाने नेलं. आईशी वाद घालू नका, पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या. मुलाने सांगितलेलं सुनेच्या बाजूचं वाटतं, डॉक्टरांनी सांगितलेलं तसं वाटत नाही. शिवाय त्यांना एक काम सोपवा. माझ्याकडे एक सासूबाई होत्या, पहिल्या दिवशी माझ्याशी भांडल्याच, 'दोन जिवांची आहे ती.' मी त्यांना रोजच्या मोड आणायच्या कडधान्यांचं वेळापत्रक करायला सांगितलं. तीन आठवड्यांनी त्या मटकी, मूग, हरभरा, चवळी असं वारानुसार लिहून आणलेला कागद मला दाखवत होत्या आणि सुनेच्या आकड्यांचं श्रेय स्वतः घेत होत्या. घेऊ द्यावं.

डोहाळजेवण करा, जरूर करा. ओटी भरायला, झोपाळा सजवायला शुगरची हरकत नाही. फक्त प्रत्येक बाई घास भरवते ती जिलबीच असली पाहिजे असा काही नियम नाही. पेढा-बर्फीच्या वाट्यांत काय निघतं ते बघून हसा आणि पेढा मुलांना वाटून टाका. त्या दिवशी एखादा आकडा १५० आलाच तर लिहा आणि पुढे जा.

खर्चाचा अंदाज हवा. दिवसाला ४ प्रमाणे १२ आठवड्यांच्या ३३६ स्ट्रिप, म्हणजे मीटरच्या पट्ट्या, होतात. आकडे स्थिरावले की डॉक्टर बहुधा तपासण्या कमी करतात, तेही विचारा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर बाईच्या तपासण्या आणि औषधं मोफत असतात, खासगीतच जायला हवं असं नाही.

माहेरी पाठवायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिलं बाळंतपण आहे म्हणजे विषय निघणारच. हे खरोखर परिस्थितीवर आहे. इन्सुलिनची गरज साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत वाढत जाते, डोस बदलत राहतो. तिथे डोस बदलणारे डॉक्टर आणि नवजात बाळाला काचेत ठेवण्याची सोय असलेलं रुग्णालय जवळ असेल, तर आईजवळ राहण्याने तिचा अर्धा ताण जाईल. नसेल तर तिच्या आईलाच तुमच्याकडे बोलवा. जायचंच असेल तर शेवटच्या क्षणी नको, फाईल, वही, मीटर आणि स्ट्रिपसकट आणि तिथल्या डॉक्टरांना आधी भेटून. शेवटच्या आठवड्यांत इन्सुलिन एकाएकी कमी लागू लागलं, शुगर वारंवार उतरू लागली, तर 'बरी झाली' म्हणून खूश होऊ नका, त्याच दिवशी कळवा, वारेचं काम मंदावलं असण्याची ती खूण असू शकते. बाळाची हालचाल कमी वाटली तर साखरपाणी पाजून सकाळची वाट बघायची नाही, तसंच निघायचं.

तुमच्या झोपेबद्दल. रात्री एक वाजता मोबाईलवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक सगळ्यात वाईट घडलेलं असतं, कारण ज्यांचं नीट पार पडलं त्या मंडळी झोपलेल्या असतात. प्रश्न पडला की कागदावर लिहा आणि भेटीच्या वेळी तो कागद खिशातून काढा. नवरे माझ्यासमोर 'मला काही नाही, हिचं बघा' म्हणतात आणि जिन्यात भेटले की डोळे भरलेले असतात. तुमची भीती तिला सांगायला हरकत नाही. 'मला पण भीती वाटते' हे वाक्य तिला पहाऱ्यापेक्षा फार बरं वाटेल. पंधरा-वीस दिवस झोप नाही, भूक नाही, कामात हात थरथरतो असं असेल तर स्वतःसाठी डॉक्टर गाठा, मशिनवर काम करता तुम्ही. आणखी एक प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते: शुगर आहे म्हणून नवरा-बायकोच्या जवळिकीला बंदी नसते. वार खाली असणं, रक्तस्राव, मुदतपूर्व कळा अशा कारणांनी डॉक्टर मनाई करतात, ते विचारून घ्या.

रजा आत्ताच मोजा. केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवसांची पितृत्व रजा असते, खासगी कंपनीला तसं कायद्याचं बंधन नाही, म्हणून सुपरवायझरशी आज बोला, कळा सुरू झाल्यावर नाही. एकूण सगळी रजा बाळंतपणाआधी संपवू नका, खरी गरज नंतर आहे.

बाळंतपणाच्या दिवशी सिझर होईलच असं धरू नका, आकडे आटोक्यात आणि बाळाचं वजन ठीक असेल तर पुष्कळ जणी सिझरशिवाय बाळंत होतात. बाळ झालं की पहिले काही तास बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन शुगर तपासतात. बाळ रडतं, तुमचा जीव गोळा होतो, बाहेर आजी विचारते, कशाला टोचतात एवढ्याशा जिवाला? कारण असं की आईकडून येणारी साखर नाळ कापल्याबरोबर थांबते, पण बाळाचं स्वादुपिंड सवयीने काही काळ जास्त इन्सुलिन सोडतच राहतं. त्यामुळे त्याची शुगर उतरू शकते. उपाय म्हणजे पहिल्या तासाभरात अंगावर पाजणं आणि मग दर दोन-अडीच तासांनी. तेव्हा बायको थकलेली असते, नातेवाईक फोटो काढत असतात. खोली रिकामी करणं, नर्सला हाक मारणं, बाळ तिच्या छातीशी देणं हे तुम्ही करायचं. मध चाटवायला आलेली वाटी हसतमुखाने परत पाठवायची. बाळाला एक दिवस काचेत ठेवलं तर तिला 'तुझ्या शुगरमुळे' असं कुणी म्हणणार नाही, हे बघायचं.

मग घरी डिंकाचे, अळिवाचे लाडू सुरू होतात, पाचवी, बारसं, आणि शुगर सगळेच विसरतात. बहुतेकींची उतरलेली असते, म्हणून तर विसरतात. पण जिला गरोदरपणात झाली तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा कित्येक पट जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी करायची असते, या वेळी उपाशीपोटी. दोन तासांची १४० च्या आत असेल तर छान, २०० किंवा वर असेल तर मधुमेह, मधली असेल तर सावध. आणि चांगली आली तरी पुढे दरवर्षी एकदा. माझ्या टेबलाशी नऊ महिने नेमाने येणाऱ्या बायका या एका तपासणीला येत नाहीत, कारण तेव्हा कुणाला त्यांची आठवण राहिलेली नसते, त्यांची त्यांनाही नाही. बाळाची पहिली मोठी लस नेमकी सहाव्या आठवड्यातच असते. ती तारीख तुम्ही चुकवणार नाही. त्याच दिवशी सकाळी तिला उपाशी ठेवून दोघांना एकाच रिक्षात घेऊन जा, बाळाला लस आणि तिला ग्लुकोजचा पेला. ते दोन तास बाळ तुम्ही सांभाळा. फाईल बरोबर आणायला विसरू नका.